नालबंदाच्या नावावरचा खिळा

त्या बैलाच्या मागच्या उजव्या पायात घुसलेला खिळा मी ठोकला होता. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय. तोंडानं तर कधीच बोललो नाही. बायकोला सांगितलं नाही, आईला सांगितलं नाही, आणि आई आता नाही. ज्याचा तो बैल होता तो गाडीवान अजून महिन्यातून एकदा तरी रस्त्यात भेटतो. "रामराम सेक्रेटरी," म्हणतो. मी रामराम घालतो आणि पुढं जातो.

आमचं गाव चौसाळ्याहून सायकलीनं तासाभराच्या अंतरावर. तेव्हा मी तिशीत होतो आणि गावच्या दूध संस्थेचा सचिव होतो. चेअरमन माझे सख्खे चुलते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. नोकरी त्यांनीच लावलेली, त्यामुळं त्यांच्यापुढं माझी मान नेहमी थोडी खाली असायची. सलग दुसरा पावसाळा कोरडा गेला, गावात दूध आटलं, आणि संस्थेनं जनावरांची छावणी चालवायला घेतली. माळावर हिरव्या जाळीचे मांडव, आठ-नऊ गावांची जनावरं, सकाळी टँकर, दुपारी उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा पाला. दिवसभर हंबरण्याचा आवाज. सगळा कारभार माझ्याकडं.

पाऊस नसला तरी आमच्याकडची माणसं घरी बसत नाहीत, ऊस तोडायला जातात. दसरा झाला की बैलगाड्या कारखान्यांच्या वाटेला लागतात. चार-पाच महिने डांबरी रस्त्यावर ओझं ओढायचं तर बैलाच्या खुरांना नाल ठोकलेच पाहिजेत. म्हणून भादव्यातच एक म्हातारा नालबंद सायकलला पोतं बांधून छावणीच्या फाटकावर आला. राहायला चौसाळ्याला, मूळचा घाटनांदूरकडचा, वय सत्तरच्या आसपास, जातीनं मुसलमान. म्हणाला, "दरवर्षी गावागावात फिरतो साब. औंदा सगळे बैल तुमच्याकडंच हायेत. मग मी तरी कावून फिरू?"

अण्णांनी मला बाजूला घेतलं.

"येऊ दे त्याला. नाल तर लागणारच हायेत. पण नजर ठेव. असली माणसं जनावरं हेरून ठेवतात. कोणतं थकलंय, कोणतं बसलंय, त्यांच्या भाईबंदांना बातमी लागतीया. समजलं का?"

मला समजलं, कारण मलाही तसंच वाटत होतं. हे मी आज लपवत नाही. लहानपणापासून घरात ऐकलेलं तेच. आईचं माहेर घाटनांदूरच्या बाजूचं. तिकडं मुसलमानांची घरं शेजारीच, तरी ती म्हणायची, "त्यांच्याशी बोलावं, पर त्यांच्यात बसू नाही." तर मी त्याला फाटकाजवळच्या लिंबाखाली जागा दिली आणि माझी खुर्ची तिथंच टाकली. सावलीला बसलोय असं दाखवायचं आणि तो कोणत्या बैलाजवळ घुटमळतो ते बघायचं.

पहिले आठ दिवस मी त्याच्याशी कामापुरतंच बोललो. त्याला मी तिथं कशाला बसतो ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. एकदा बैलाच्या पोटाखालून दोर काढताना, माझ्याकडं न बघताच म्हणाला, "सेक्रेटरी, ह्यो बैल सहा दाती हाय, तरणा. लिव्हून घ्या. पुढं इचारतील."

मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

त्याचं काम मात्र बघत राहावं असं होतं. बैलाला दोरानं आडवं पाडायचं, चारी पाय एकत्र बांधायचे, नख तासून सपाट करायचं आणि मग नाल. बैलाचं खूर दुभंगलेलं असतं, म्हणून एका पायाला दोन नाल, एका बैलाला आठ. मोठमोठे बैल पाडल्यावर डोळे फिरवतात, फुरफुरतात. हा त्यांच्या डोळ्यावर तळवा ठेवून काहीतरी पुटपुटायचा. एकदा मी विचारलं, मंतर म्हणता का? तर हसला. "मंतर कशाचा? मी त्याला शिव्या देतो. आवाज तेवढा गोड ठेवायचा."

पुढं एक दिवस टँकर आला नाही. दुपारचे दोन वाजले, माझी बाटली कधीच रिकामी झाली होती. त्यानं आपल्या मडक्यातलं पाणी जर्मनच्या गिलासात ओतून पुढं केलं. मी म्हणालो, "नको, तहान नाही." ओठ सुकलेले त्याला दिसत होते. त्यानं गिलास माझ्या खुर्चीच्या दांडीवर ठेवला आणि पुन्हा कामाला लागला. खाली वाकूनच म्हणाला, "टँकर तुमच्याच संस्थेचा हाय, सेक्रेटरी. मडकं तेवढं माझं."

मी प्यालो. घरी आल्यावर सांगितलं नाही. तेव्हापासून मी त्याला चाचा म्हणायला लागलो आणि तो मला एकटे असलो की बेटा, चारचौघांत सेक्रेटरी. नजर ठेवायला टाकलेली खुर्ची तिथंच राहिली, पण मी जमिनीवर बसायला लागलो. त्याच्या बोलण्यात बैलांशिवाय काही नसायचं. कोणत्या कारखान्याचा रस्ता खुरं खातो, कोणत्या गावचा बैल मारका, कोणत्या गाडीवानाची बायको नवऱ्यापेक्षा चांगली गाडी हाकते. माझे वडील लवकर गेले. अण्णांशी बोलणं म्हणजे हुकूम घेणं. वयानं एवढ्या मोठ्या माणसाशी मी आयुष्यात पहिल्यांदाच असं फुकटचं, बिनकामाचं बोलत होतो.

एक दिवस मी म्हणालो, "मला शिकवा."

"काय करशील शिकून? पाटलाच्या पोरानं नाल ठोकले तर बैल हसतील."

पण शिकवलं. छावणीत माणसं कमी असायची त्या वेळी, दुपारी, आडोशाला. मला कुणी बघू नये असं मलाही वाटत होतं आणि त्यालाही. नालाचा खिळा नखाच्या कडेकडेनं, तिरका, बाहेरच्या बाजूला निघाला पाहिजे. आत वळला तर नखाखालच्या जिवंत मांसात जातो. डोळ्याला ते दिसत नाही. ते कानानं कळतं. खिळा कडक नखातून चालला की हातोड्याचा आवाज टणटण वाजत राहतो, चढत जातो. आत वळला की आवाज बसतो, ओल्या लाकडावर मारल्यासारखा.

"हातानं ठोकायचं, कानानं बघायचं," तो म्हणायचा. "आन् आवाज बसला की थांबायचं. वर काढायचा, दुसरा घालायचा. त्यात लाज न्हाई. माझेबी बसतात. बसलेला खिळा तसाच ठेवला, तर तो हरामखोर."

महिनाभरात मी जुन्या कापलेल्या नखांवर आणि नंतर त्याच्या देखरेखीखाली दोन-तीन म्हाताऱ्या बैलांवर खिळे ठोकले. माझी एक खोड होती. हातोडा मारताना मनगट आत वळायचं. तो दरवेळी मनगटाला धरून सरळ करायचा. "लिहिणाऱ्याचा हात हाय बे तुझा. अक्षरं काढल्यासारखा ठोकतोस."

दसऱ्याच्या दोन दिवस आधीची गोष्ट. गाडीवानाची जोडी नाल ठोकायला आली. हा गाडीवान आमच्याच गावचा. नवरा-बायको दोघंही ऊसतोडीला जायची. जोडीतला एक बैल त्यानं वडवणीच्या बाजूनं आणलेला, तांबूस, उंच, त्याचा त्याला फार अभिमान. दसरा झाला की तिसऱ्या दिवशी टोळी निघणार होती. पहिल्या बैलाचे आठ झाले, तांबड्याचे सात झाले. आठव्या नालाचे दोन खिळे ठोकून झाले आणि चाचाच्या नमाजाची वेळ झाली. गाडीवान तंबाखू आणायला गावात गेला होता. चाचानं हात धुतले, म्हणाला, "दोन खिळे ऱ्हायलेत. हात लावू नको, आलोच मी."

आणि लिंबाच्या पलीकडं चटई टाकून तो उभा राहिला.

बैल पाडून फार वेळ ठेवू नये, हे त्यानंच शिकवलेलं. त्याला मदत करावी, हेही मनात होतं. पण खरं सांगायचं तर मला दाखवायचं होतं. मी हातोडा उचलला. पहिला खिळा व्यवस्थित गेला. दुसरा टणटणत गेला आणि तिसऱ्या की चौथ्या घावाला आवाज बसला. मी ऐकला. मला काही शंका नव्हती. बैलानं पाय झटकला, दोर ताणला गेला. मी आणखी एक घाव मारला, टोक बाहेर आलं, मी ते वळवून टाकलं. बाहेरून खिळा अगदी बरोबर दिसत होता.

चाचा परत आला. रागावला नाही. वाकून दोन्ही खिळ्यांवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडं बघितलं.

"आवाज कसा आला?"

मी म्हणालो, "चांगला."

खिळा ठोकण्याबद्दल मी स्वतःला केव्हाच माफ केलंय. शिकणाऱ्याच्या हातून होतं. त्यानंही सांगितलं होतं की त्यात लाज नाही. त्या क्षणी "बसला" एवढं म्हणालो असतो तर त्यानं पक्कड घेऊन खिळा ओढला असता, हळद-तेल भरलं असतं, मला दोन शिव्या घातल्या असत्या, आणि हे लिहायची वेळ आली नसती. त्या एका "चांगला"चं मला आजही उत्तर सापडत नाही. किंवा सापडलंय आणि ते मला आवडत नाही. मला वाटत होतं, माझ्या मनातली आढी गेली. मी त्याचं पाणी प्यालो होतो, त्याच्या शेजारी मातीत बसत होतो. पण त्याच्यापुढं चुकायची माझी तयारी नव्हती. एका नालबंदापुढं, एका मुसलमानापुढं, सेक्रेटरीनं "माझं चुकलं" म्हणायचं, हे माझ्या जिभेला जमलं नाही. पाणी पिणं सोपं होतं.

त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. दोर सोडला. बैल उठला, दोन पावलं चालला आणि चालत राहिला. मी सुटलो असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तांबडा त्या पायावर भार टाकेना. मी सकाळी मांडवातून जाताना बघितलं. पाय टेकवायचा आणि उचलायचा. गाडीवानाच्या बायकोला मी म्हणालो, "आखडला असेल, पाडून ठेवला होता ना." ती म्हणाली, "तसंच आसंल, सेक्रेटरी." चाचा त्या दिवशी दुसऱ्या गावच्या छावणीत गेला होता. मी दिवसातून सहा वेळा त्या मांडवाकडं गेलो. संध्याकाळी खुराच्या वर सूज होती. मी हात लावून बघितलं, गरम होतं. अजूनही मी बोलू शकलो असतो. तिसऱ्या दिवशी दसरा. सकाळी बैल उठलाच नाही.

गाडीवान ओरडतच फाटकावर आला, तेव्हा चाचा नुकताच सायकल लावत होता.

"काय केलं रे माझ्या बैलाला? बोल! काय केलं?"

माणसं जमायला वेळ लागला नाही. सणाचा दिवस, सगळे गावातच. कुणीतरी अण्णांना बोलावून आणलं. गर्दीतून आवाज यायला लागले.

"टोळी निघायच्या टायमाला बरा लंगडा पडला!"

"लंगडा बैल कुठं जातोय? बाजारात. आन् बाजारातून कुठं जातोय, ते ह्यांनाच इचारा."

"मी तवाच म्हणलो होतो. बोक्याला शिंक्याची राखण दिली तुमी."

कुणी हसलं. मघापर्यंत नुसती कुरबुर होती आणि आता मजा आली होती. मजा आलेली गर्दी फार वाईट. एक तरणा पोरगा सायकलवरचं पोतं सोडून त्यातली हत्यारं मातीत ओतत होता, जणू आत काही दुसरं सापडणार होतं.

अण्णा म्हणाले, "आधी नाल काढ. सगळ्यांसमोर काढ."

बैलाला धरलं. चाचा गुडघ्यावर बसला आणि त्या पायाचे खिळे एकेक करून ओढायला लागला. शेवटचा खिळा निघाला, आणि त्याच्या मागोमाग काळपट पू. वास आला. गाडीवानाची बायको तोंडावर पदर धरून मागं सरली. चाचानं तो खिळा उजेडात धरला आणि बोटात फिरवला. खिळा आतल्या बाजूला वाकलेला होता. जसा माझा हात वाकतो तसा. त्याला काय कळलं ते मला कळलं.

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित माझं तोंड उघडलं असतं. कदाचित उघडलं नसतं. आता काय सांगू?

अण्णांनी मला विचारलं, "तू रोज इथंच असतोस. नाल ठोकताना तू होतास का नाही?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, "मी थोडा वेळ फाटकावर गेलतो. पूर्ण वेळ नव्हतो."

हे अर्धंही खरं नव्हतं.

चाचा उठला. गुडघे धरून, सावकाश. "चूक झाली मालक," गाडीवानाला म्हणाला. "खिळा आत गेला. मुद्दाम न्हाई केलं. कुरानची कसम. पंधरा दिस द्या, बैल उभा करतो."

"तुझा हात न्हाई लावू देणार परत!"

अण्णांनी तिथंच निकाल दिला. दुपारी संस्थेच्या खोलीत ठराव झाला. अण्णा सांगत गेले, मी लिहीत गेलो. "सदर नालबंदाचा हलगर्जीपणा" एवढं लिहून मी थांबलो, तर अण्णा म्हणाले, "व संशयास्पद वर्तन. लिही." मी लिहिलं. "यापुढे छावणीच्या आवारात प्रवेश देऊ नये." तेही लिहिलं. खाली सचिव म्हणून सही केली. शेजारच्या दोन छावण्यांनी त्याची नक्कल मागून घेतली आणि तसाच ठराव केला. माझं अक्षर चांगलं आहे असं तेव्हा सगळे म्हणायचे.

दसऱ्याचं सोनं वाटायला मी त्या संध्याकाळी कुणाकडंच गेलो नाही. आईनं विचारलं, "काय रे, बरं न्हाई का?" म्हणालो, "ऊन लागलंय." ती म्हणाली, "त्या माणसाजवळ बसत जाऊ नको म्हणलं होतं मी." मी भिंतीकडं तोंड करून पडलो. तेवढं तरी मला आईला तोडून बोलता आलं असतं.

टोळी गेली. गाडीवान आणि बायको मागं राहिले. छावणीतून बैल त्यांनी बैलगाडीत घालून घरी नेला. डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले. पण रोज जखम धुवायची कुणी? चौथ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरावरून चाललो होतो, तर अंगणात चाचा बसलेला. पुढं कडुनिंबाच्या पाल्याचं गरम पाणी, बैलाचा पाय त्याच्या मांडीवर. नवरा दारात पाठ करून उभा, आणि बायको त्याला बोलत होती.

"तुमचं तोंड तिकडंच राहू द्या. माझा बैल हाय. त्याला येऊन द्या. डॉक्टर काय रोज येणार हाय व्हय?"

चाचा चौसाळ्याहून रोज सायकलीनं यायचा. गावात शिरताना पोरं ओरडायची, मी ऐकायचो. सतरा-अठरा दिवस आला. आठवड्यानंतर नवरा वळून उभा राहिला. दहाव्या दिवशी त्यानं स्वतः पाणी तापवलं. मी रोज काहीतरी निमित्त काढून तिथून जायचो आणि बघायचो. शेवटी शेवटी तिघं अंगणात चहा पीत बसलेले दिसायचे, गाडीवान काहीतरी सांगतोय, चाचा मान हलवतोय. बैल चालायला लागला आणि महिन्याभरानं ते दोघं उशिरानं का होईना, कारखान्याला गेले.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, छावण्या उठल्या. दसऱ्याच्या आधी गाडीवान आपली जोडी घेऊन चालत चौसाळ्याला गेला, चाचाच्या दारात. गावात पारावर त्याला कुणीतरी डिवचलं, "परत त्याच्याकडंच? आता दुसरा पाय द्यायचा का?" तर तो म्हणाला, "चूक केली त्यानं, मान्य केली, अठरा दिस माझ्या दारात बसून फेडली. तुमच्यातला कोण करतो तेवढं? मी माफ केलंय त्याला. आन् माझ्या बैलाला आता दुसऱ्याचा हात लागणार न्हाई."

पारावरची माणसं तंबाखू मळायला लागली. मीही तिथंच बसलो होतो. चांगलं झालं, असं मी स्वतःला सांगितलं. सगळं नीट झालं, आता जुनं उकरून काय करायचं? त्या दिवशी माझ्या लक्षात यायला हवं होतं की माफी ज्याला मिळाली त्यानं काही केलेलंच नव्हतं.

त्यानंतर मी चौसाळ्याला गेलो. हमरस्त्याला त्याच्या मुलाचं वेल्डिंगचं दुकान, मागं दोन खोल्या. मला बघून चाचानं बाज पुढं ओढली. चहा आला. मी बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो आणि मग म्हणालो, "चाचा, त्या दिवशी तुम्ही मला वाचवलंत."

तो माझ्याकडं असा बघत राहिला की मी कप खाली ठेवला.

"तुला वाचवलं? कोण म्हणलं तुला?" तो चिडला होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी त्याला चिडलेला बघत होतो. "बेटा, मी तुझं नाव घेतलं असतं तर काय झालं असतं? सेक्रेटरीवर आळ घालतो म्हणून मला तिथंच तुडवलं असतं. खरं बोलायची सोय माझ्याकडं न्हवती. ती तुझ्याकडं व्हती. तू बोलला असता तर तुला कोण हात लावणार व्हतं? चुलता चेअरमन."

मी खाली ठेवलेला कप पुन्हा उचलला.

"आन् बैल," तो म्हणाला. "त्याच्यासाठी आलो मी. तुझ्यासाठी न्हाई."

एक वर्षभर मी एक गोष्ट उराशी धरून बसलो होतो, की ह्या म्हाताऱ्यानं माझ्या मायेपोटी आळ घेतला. त्यात मला माझी चूकही जरा गोड वाटायला लागली होती. ते सगळं त्या बाजेवर संपलं. मी उठायला लागलो, तर म्हणाला, "बस. चहा पूर्ण पी. पुढच्या शुक्कारी ये, नख तासायचं शिकवतो. ते अजून तुला येत न्हाई."

त्याच्या रागातही मला जागा होती, हे मला आजही नीट समजलेलं नाही. मी जात राहिलो. बारा-तेरा वर्षं. घरी सांगायचो, बँकेचं काम आहे. त्याची बायको मला पुढं पुढं जेवल्याशिवाय सोडायची नाही. ईदला त्यांच्याकडं, आणि दिवाळीला माझ्या घरचा फराळ मी स्वतः डब्यात भरून त्यांच्याकडं नेऊ लागलो. आईला एकदा कळलं. मला वाटलं आता बोलेल. ती काही बोलली नाही. पुढच्या दिवाळीला तिनं डबा स्वतः भरला, आणि वर म्हणाली, "म्हातारा माणूस हाय, करंज्या मऊ बघून ठेवल्यात." तिच्यात एवढं बदललं. तिला मी तेव्हा तरी सांगू शकलो असतो.

दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास चाचा एकदा विचारायचा, "बोललास का?"

"न्हाई चाचा."

"हम्म," म्हणायचा आणि विषय बदलायचा. शेवटची तीन-चार वर्षं त्यानं विचारणं बंद केलं. विचारायचा तेव्हा मला भीती वाटायची. बंद केलं तेव्हा जास्त वाटली.

तो गेला तेव्हा मी मातीला गेलो. ओंजळभर माती मीही टाकली. आमच्या गावातून आम्ही दोघंच होतो, मी आणि गाडीवान. कबरस्तानाच्या भिंतीशी बसून गाडीवान पोरासारखा रडला. चाचाच्या मुलाचे दोन्ही हात हातात धरून म्हणाला, "तुझ्या बापानं माझा बैल बिघडवला व्हता. आन् तुझ्या बापानंच उभा केला. मी कवाच माफ केलतं त्याला. तुला म्हाईत असावं म्हणून सांगतो."

मुलानं मान खाली घातली. बापाच्या चुकीबद्दल त्याला वाईट वाटत होतं, असं त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं. त्याला बापानं कधी काही सांगितलं नव्हतं. मी हाताच्या अंतरावर उभा होतो, पायावरची माती झटकत.

अण्णा आता थकलेत. संस्थेत दुसरी माणसं आहेत. ठरावाचं जुनं बुक कपाटात आहे, मी बघून आलो. तो ठराव कुणी मागं घेतलेला नाही. माझं अक्षर अजून स्वच्छ वाचता येतं.

चाचाच्या मुलाला त्याच्या बापाचं नाव परत देणं माझ्याकडं आहे. गाडीवानाला, त्यानं चुकीच्या माणसाला माफ केलं हे सांगणं माझ्याकडं आहे. आणि दूध संस्थेच्या आमसभेत उभं राहून तो ठराव खोटा होता, लिहिणारा मी होतो आणि गुन्हाही माझा होता, हे बोलणं माझ्याकडं आहे. यातलं एकही मी अजून केलेलं नाही.